आधी टपाल, मग छपाई: बंद पडलेलं त्रैमासिक पुन्हा काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावातून १९७९ ते २०११ अशी बत्तीस वर्षं साहित्य आणि कलांना वाहिलेलं एक त्रैमासिक निघत होतं. संपादक वारले आणि अंक थांबला. आता एक निवृत्त शिक्षक, एक चित्रकार आणि एक तरुण कवयित्री अशा तिघांनी ते पुन्हा काढायचं मनावर घेतलंय. गावातल्या पतसंस्थेने जाहिरात कबूल केली आहे. येत्या दिवाळीला जुन्या अंकांतलं निवडक साहित्य घेऊन अडीचशे पानांचा अंक काढायचा, मोठा प्रकाशन समारंभ करायचा आणि मग दर तीन महिन्यांनी अंक चालू ठेवायचा, असा बेत आहे. हे जमेल का, सुरुवात कुठून करावी, कुठे ठेच लागते, असं त्यांनी विचारलंय.

मी मिरजेत असंच एक त्रैमासिक सहा वर्षं बंद राहिल्यावर पुन्हा उभं करणाऱ्यांपैकी एक आहे. त्याआधी त्याच अंकाची प्रुफं वाचायचे. त्यामुळे जे सांगते ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे. तुमचा उत्साह पाहून मनापासून आनंद झाला, आणि तरीही पहिलं सांगणं हेच की दिवाळीचा बेत सोडा.

दिवाळी अंकाचा मोह मला कळतो. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाने वाचनाची वर्षातली सगळी हौस त्या एका महिन्यात कोंबली आहे. जाहिरातीही तेव्हाच मिळतात. पण तुमच्या तिघांच्या हातात आज जेवढा पैसा आणि जेवढं बळ आहे ते सगळं अडीचशे पानांत जाईल. समारंभ होईल, फोटो छापून येतील आणि जानेवारीचा अंक दारात उभा राहील तेव्हा मजकूर नसेल, पैसे नसतील, तिघांपैकी एकजण आजारी असेल. मग तुम्ही जानेवारी ते जून असा जोडअंक काढाल. माझ्या अनुभवात जोडअंक हा दुखण्याचा पहिला ताप असतो. दुसरा जोडअंक निघाला की तिसऱ्याची कोणी वाटही पाहत नाही. शिवाय दिवाळीत शेकडो अंकांच्या ढिगात तुमचा अंक कोण उचलणार? तोच अंक गुढीपाडव्याला किंवा मृगाच्या तोंडावर आला तर टेबलावर एकटा असतो आणि वाचला जातो.

मग सुरुवात कुठून? आमची कुठून झाली ते सांगते.

आमचे संपादक, सगळे त्यांना सर म्हणायचे, २००६ मध्ये गेले. २०१२ च्या पावसाळ्यात आम्ही चौघे काकूंकडे, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे, वर्गणीदारांची वही मागायला गेलो. वही माडीवरच्या लोखंडी कपाटात होती. कपाट उघडलं तर खालच्या दोन खणांत पाकिटं खच्चून भरलेली. न उघडलेली थोडीच होती, बरीचशी सरांनी उघडून, वाचून, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवलेली. शेवटच्या दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती आणि उत्तरं राहून गेली होती. जवळपास प्रत्येक पाकिटात लेखकाने स्वतःचा पत्ता लिहून, पाच रुपयांचं तिकीट लावून परतीचं पाकीट जोडलेलं. काहींना मागाहून आलेली कार्डं टाचलेली होती: "आपल्या निर्णयाची वाट पाहत आहे." आम्ही मोजली. एकशे सत्तेचाळीस.

वही बाजूला राहिली. पुढचे तीन महिने आम्ही छापखान्याचं नाव काढलं नाही. दर रविवारी काकूंच्या ओसरीवर बसून एकेक हस्तलिखित वाचायचं आणि त्याला उत्तर लिहायचं, एवढंच केलं. उशिराबद्दल क्षमा मागायची, सरांनी कुठे खूण केली होती ते सांगायचं, आम्हाला काय वाटलं ते सांगायचं आणि नवं काही असेल तर पाठवा म्हणायचं. तिकिटं जुनी झाली होती, तेव्हा वर नवी तिकिटं चिकटवली. चाळीसेक पत्रं 'पत्ता बदलला' असा शेरा घेऊन परत आली. काहींचं उत्तर मुलाने दिलं, बाबा नाहीत म्हणून. पण एकोणीस जणांनी नवं लेखन पाठवलं. जत तालुक्यातल्या एका शाळामास्तरांनी लिहिलं की लिहिणं मी थांबवलं नव्हतं, पाठवणं थांबवलं होतं. आमचा पुन्हा निघालेला पहिला अंक निम्म्याहून अधिक या एकोणीस जणांचा होता.

म्हणून मला ठामपणे वाटतं की नियतकालिक म्हणजे त्याचं नाव नव्हे आणि छापलेला गठ्ठाही नव्हे. दूरच्या गावात कोणी काही लिहितं, ते एका टेबलावर येतं, तिथे कोणीतरी ते जीव लावून वाचतं आणि उत्तर देतं, ही ये-जा म्हणजे नियतकालिक. तुमच्या गावात २०११ मध्ये बंद पडली ती ये-जा, आणि आधी तीच सुरू करायला हवी. 'सत्यकथा' मासिकाचा दरारा सगळ्यांना आठवतो, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत, एकेका शब्दावर चर्चा करत, ते त्या दराऱ्याच्या मुळाशी होतं. १९८२ साली 'सत्यकथा' थांबली. त्या तोडीचा छापील कागद नंतरही पुष्कळ निघाला. तशी पत्रं मात्र फार थोड्यांनी लिहिली.

आपल्या शेजारचं एक उदाहरण तुम्हाला उपयोगी पडेल, कारण तेही साहित्य आणि चित्रकला दोन्हींचं आहे. अहमदाबादचं 'कुमार' हे गुजराती मासिक चित्रकार रविशंकर रावळ यांनी १९२४ मध्ये सुरू केलं. पुढे बचुभाई रावतांनी ते कित्येक वर्षं सांभाळलं. १९८० मध्ये ते गेले, १९८७ मध्ये मासिक बंद पडलं आणि १९९० मध्ये धीरू परीख यांच्या संपादनाखाली पुन्हा निघालं. बचुभाईंनी 'कुमार'च्या कचेरीत दर बुधवारी कवींची बैठक भरवायला सुरुवात केली होती, तिचं नाव बुधसभा. नवशिक्या कवीने यावं, कविता वाचावी, बाकीच्यांनी ती उलगडावी. परीख स्वतः ती बैठक चालवणाऱ्यांपैकी होते. मासिक आणि बैठक ही तिथे एकाच घराची दोन दारं होती. आपल्याकडे गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श' या दलित साहित्याच्या त्रैमासिकाने लेखक-वाचक मेळावे घेतले, तेही याच जातीचं काम. अंकात नाव छापून येण्याआधी माणूस मेळाव्यात उभा राहून बोलायचा.

बंगालीतलं 'संदेश' तर तीनदा जन्मलेलं आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१३ मध्ये मुलांसाठी ते काढलं, त्यांच्यानंतर सुकुमार राय यांनी चालवलं, दोघांच्या पश्चात बंद पडलं, मधे थोडा काळ निघून पुन्हा थांबलं आणि १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांना सोबत घेऊन ते परत सुरू केलं. आजोबांचा आणि वडिलांचा खजिना हाताशी असताना त्यांनी फक्त तोच पुन्हा छापत बसणं पत्करलं नाही. अंकाला नवा मजकूर हवा म्हणून वयाच्या चाळिशीत ते स्वतः गोष्टी लिहायला लागले. त्यांचा गुप्तहेर फेलूदा १९६५ साली 'संदेश'मध्येच पहिल्यांदा आला. तुमच्या 'निवडक जुन्या साहित्या'च्या बेताला माझं उत्तर यात आहे. जुनं अंकात द्या, पण दर अंकात एकच, आठ पानांच्या आत, आणि ते आज का वाचायचं हे सांगणारी अर्ध्या पानाची टीप जोडून. पहिलाच अंक निवडक जुन्याचा निघाला तर वाचक त्याला स्मृतिग्रंथ समजून कपाटात ठेवेल आणि तरुण लेखक समजेल की इथे माझ्यासाठी जागा नाही.

आता टेबलावर नेमकं काय करायचं ते दाखवते, कारण 'आम्ही नवोदितांना संधी देतो' असं सगळेच म्हणतात. मिरजेत सतारमेकरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या घरांपैकी एका घरातल्या मुलाने आमच्याकडे चार पानं आणून दिली. पहिलं पान सगळं 'भारतीय संगीताची थोर आणि प्राचीन परंपरा' यात गेलेलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: वडील भोपळा विकत घेताना तो आधी बोटाने वाजवून बघतात आणि मग डोळे मिटतात. मी त्याला बोलावलं आणि विचारलं, डोळे का मिटतात? तो म्हणाला, दिसायला देखणा भोपळा फसवतो. मग भोपळे कुठून येतात विचारलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ते कसे वाळवतात, कापून भिजवल्यावर आतलं कसं काढतात, कोणता भोपळा तानपुऱ्याला जातो आणि कोणता सतारीला, हे तो अर्धा तास सांगत होता आणि त्यातलं काहीही त्या चार पानांत नव्हतं. मी पहिलं पान फाडलं नाही, त्याच्याच हातात दिलं आणि म्हटलं, हे घरी ठेव, इथून, या बोटापासून सुरू कर. सात महिने गेले, चार खर्डे झाले. तिसऱ्या खर्ड्यात त्याने वडिलांची बोली काढून पुस्तकी भाषा घातली होती, ती परत पूर्ववत करून घेतली. छापला तेव्हा तो लेख सहा पानांचा होता. आमच्या कोणत्याही अंकावर आली नसतील एवढी पत्रं त्या अंकावर आली. सतारमेकर गल्लीत तर अंक एका घरातून दुसऱ्या घरात फिरला.

तुमच्याकडे असं किती पडलेलं असेल! अहिराणीत लिहिणारी, बोलणारी मुलं असतील. त्यांची अहिराणी सुधारू नका. अडलेल्या शब्दांचा अर्थ पानाच्या तळाशी द्या आणि लेखन लेखकाच्या उच्चाराप्रमाणे राहू द्या, फक्त एकाच लेखात एक शब्द दोन तऱ्हांनी येऊ देऊ नका. तुमच्याच मुलखात, धुळ्यात, पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ पासून 'कवितारती' काढलं, तेही केवळ कवितेसाठी. मुंबई-पुण्याबाहेर राहून नियतकालिक चालवणं म्हणजे कमीपणा नव्हे, हे सांगायला त्याहून जवळचा दाखला नको. आणखी मागे गेलात तर 'अभिरुची' मासिक १९४३ मध्ये बडोद्याहून निघायला लागलं, महाराष्ट्राबाहेरून, आणि त्या काळचं नवं मराठी लेखन तिथे वाट काढून पोचलं.

साभार परत करणं हे यातलं सर्वांत अवघड काम. ते करताना माझा नियम असा: महिन्याच्या आत उत्तर, आणि उत्तरात त्या लेखनातला एक तरी शब्द, एक तरी ओळ नाव घेऊन. आता लेखन व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर येतं, म्हणून उत्तरही अंगठा दाखवून देण्याची सवय लागली आहे. ते कृपा करून करू नका. ज्याचं परत केलं त्याला कळलं पाहिजे की ते वाचलं गेलं. पहिल्या वर्षात छापलेल्यांपेक्षा परत केलेल्यांची यादी जपा. आमचे आजचे चांगले लेखक बहुतेक सगळे त्याच यादीतून आलेत.

आता व्यवहाराकडे. यात पहिलं काम मालकीचं. त्रैमासिकाचं शीर्षक कोणाच्या नावावर नोंदलं होतं ते शोधा. बहुतेक ठिकाणी ते संपादकांच्या वैयक्तिक नावावर असतं आणि त्यांच्या पश्चात वारसांकडे विषय जातो. घरच्यांशी संबंध कितीही प्रेमाचे असले तरी लेखी घ्या. आमच्या बाबतीत काकूंनी 'तुमचंच आहे' म्हटल्यावर आम्ही दोन वर्षं कागद केला नाही आणि नंतर एका पुतण्याने हरकत घेतली तेव्हा एक अंक अडकला. चूक आमची होती, प्रेमाच्या भरात केलेली.

नोंदणीचा कायदाही आता बदललाय. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. शीर्षक आणि नोंदणी यांसाठी प्रेस सेवा पोर्टलवर एकच अर्ज करायचा असतो, डिक्लरेशनचे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढे प्रतिज्ञापत्र करण्याचे, पूर्वीचे हेलपाटे संपले. शीर्षकाचा नियम मात्र लक्षात ठेवा: त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा त्याच राज्यात कोणत्याही भाषेत, तसंच किंवा गफलत होईल असं मिळतंजुळतं शीर्षक दुसऱ्या कोणाला असेल तर ते तुम्हाला मिळत नाही. मधल्या वर्षांत तुमचं नाव दुसरीकडे गेलंय का, हे आजच तपासा. गेलं असेल तर मागे-पुढे एखादा शब्द जोडून घ्या आणि पहिल्या पानावर जुन्या नावाशी असलेलं नातं सांगा. नावासाठी कोर्टात जाऊ नका, त्यात पाच अंकांचा जीव जातो. अंक निघाला की कायद्याने ठरलेल्या ग्रंथालयांना, म्हणजे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथे प्रती पाठवायला विसरू नका. हे बंधन म्हणून सांगत नाही. पन्नास वर्षांनी कोणी तुमचा अंक शोधेल तेव्हा तो तिथे असेल म्हणून सांगते.

आजीव वर्गणीदारांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो दार ठोठावणारच. ज्यांनी १९९० मध्ये पैसे भरले आणि ज्यांचा अंक मधेच बंद झाला, त्यांचं देणं नैतिकदृष्ट्या तुमच्यावर आलंय. आम्ही वहीतल्या प्रत्येकाला कार्ड टाकलं: अंक पुन्हा निघतोय, तुमचा हक्क कायम आहे, अंक हवा असल्यास फक्त पत्ता कळवा. नव्याने वर्गणी द्याल का, हा प्रश्न त्या कार्डावर मुद्दाम घातला नाही. तीनशे बारा कार्डांपैकी एकशे सहा उत्तरं आली, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी न मागता मनीऑर्डर केली. नवी आजीव वर्गणी मात्र घेऊ नका. कागदाचे आणि टपालाचे भाव वाढतात, ती रक्कम वाढत नाही. वर्षाची किंवा तीन वर्षांची घ्या.

आकार ठरवताना तराजू जवळ ठेवा. ११२ पानं म्हणजे सोळा पानी सात फर्मे. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर डेमी अष्टमांश, म्हणजे साध्या पुस्तकाच्या आकारात तो अंक मुखपृष्ठ धरून साधारण १३५ ग्रॅम भरतो. तेवढीच पानं क्राउन चतुर्थांश, म्हणजे दिवाळी अंकाच्या आकारात घेतली तर वजन दोनशे ग्रॅमच्या पुढे जातं. चारशे प्रती, वर्षाला चार वेळा, एवढा गुणाकार करा. जुन्या टपाल कायद्यात वृत्तपत्राची सवलत मिळायला दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नसे, म्हणजे त्रैमासिकं तेव्हाही बाहेरच होती, आणि आम्ही बुक पोस्टवर दिवस काढले. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. तेव्हा जुन्या माणसांच्या आठवणीतले दर धरून अंदाजपत्रक करू नका. त्याच कागदाचा कोरा डमी बांधून घ्या, पोस्टाच्या काउंटरवर ठेवा आणि आजचा दर विचारा. गठ्ठे करून तालुक्याच्या गावी एकेका मित्राकडे पाठवायचे आणि त्याने पुढे हाती वाटायचे, हा मार्ग आम्हाला सर्वांत स्वस्त पडला. तो मित्र मग आपोआप त्या भागाचा प्रतिनिधी होतो, नवे लेखकही तोच सांगतो.

पैशांचं एक सूत्र मी पाळते: चार अंकांचे पैसे हातात आल्याशिवाय पहिला अंक छापायचा नाही. पतसंस्थेची जाहिरात एकरकमी मोठी घेण्याऐवजी तीच रक्कम चार अंकांत विभागून द्या म्हणावं. त्यांनाही वर्षभर नाव दिसतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून वाङ्मयीन नियतकालिकांना अनुदान मिळतं. अर्ज जरूर करा, पण ते पैसे आले तर लेखकांच्या मानधनाला वापरायचे असं ठरवा, छपाई त्यावर टांगू नका. मानधन दोनशे रुपये असलं तरी द्या, आणि सोबत अंकाच्या दोन प्रती. लेखक एक स्वतः ठेवतो, दुसरी आईवडिलांना देतो.

प्राध्यापक मंडळींबद्दल जरा कडक बोलते. २०१९ पासून काही वर्षं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केअर यादीत, म्हणजे शोधनिबंधांसाठी मान्य नियतकालिकांच्या यादीत, नाव असणं हा आपल्या कित्येक नियतकालिकांचा प्राण झाला होता. यादीत नाव आलं की शोधनिबंधांची रांग लागायची आणि काही ठिकाणी निबंधागणिक पैसे घेतले जायचे. वाचणारा कोणी नाही, छापून घेणारे शंभर. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. तुमच्याकडेही 'आयएसएसएन आहे ना?' असे फोन येतील. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. तो घ्या, मोफत मिळतो आणि ग्रंथालयांना लागतो. पण पैसे घेऊन एक ओळही छापू नका. प्राध्यापकाने चांगलं लिहिलं तर त्यालाही त्याच टेबलावरून, त्याच लाल पेन्सिलीखालून येऊ द्या.

चित्रकार तुमच्यात आहे, हे तुमचं मोठं भाग्य. त्याला रिकाम्या जागा भरायला लावू नका. कथा वाचून तिचं चित्र काढणं हे एक काम झालं. दुसरं आणि जास्त मोलाचं काम म्हणजे दर अंकात आठ पानं स्वतंत्रपणे एका चित्रकाराची, मूर्तिकाराची, गोधडी शिवणारीची, भिंती रंगवणाऱ्याची. रंगीत छपाई परवडत नसेल तर रेखाटनं घ्या, पण ती कागदावर उठून येतील एवढी मोठी छापा. काय पाहून काढलं, कुठल्या साधनाने, किती वेळात, हे त्याच माणसाच्या शब्दांत त्याच्या बाजूला द्या.

जुन्या अंकांचा संपूर्ण संच आहे का, हे विचारायला हवं. घरच्या फाईलवर विसंबू नका, तिथे हमखास दोन-चार अंक नसतात. जिल्ह्यातल्या 'अ' वर्ग वाचनालयांत जा. मात्र तिथले बांधीव खंड उघडलेत की एक गोष्ट मनाला लागेल: बाइंडरने मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकलेल्या असतात. तुमच्या गावातल्या चित्रकारांचा बत्तीस वर्षांचा इतिहास त्या मुखपृष्ठांवरच होता. म्हणून सुटे अंक कोणाच्या माळ्यावर असतील ते शोधा, आणि सापडलेली एकुलती प्रत स्कॅनसाठी उसवू नका. वरून फोटो घेणारा स्कॅनर भाड्याने मिळतो, ३०० डीपीआय ठेवा, मुखपृष्ठ रंगीतच घ्या. साधारण १९९५ नंतरचे अंक संगणकावर जुळवले असतील तर त्या फाइली छापखान्यातून मागवा. त्या पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील. युनिकोडमध्ये बदलताना रफार, र्‍हस्व इकार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. एकदा बदलून झालं असं म्हणू नका, प्रत्येक ओळ जुन्या छापील अंकाशी पडताळा. आमच्याकडे 'कार्य'चं 'काय' झालेली एक कविता तशीच पुढे गेली होती, आणि कवीच्या मुलीने फोन करून सांगितलं.

जुनं लेखन पुन्हा छापायचं किंवा संकेतस्थळावर ठेवायचं तर परवानगी लागते. एकदा आपल्या अंकात आलं म्हणजे ते आपलं, असा सगळ्यांचा समज असतो. स्वतंत्र लेखकाने पाठवलेल्या कथेचा हक्क, वेगळा करार नसेल तर, त्याच्याकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे असतो. करार असला पण त्यात मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांचाच मानला जातो. वारसांना पत्र टाका. याही पत्रांतून तुमची ये-जा वाढेल, कोणाच्या ट्रंकेत अप्रकाशित वह्या निघतील.

छापील की डिजिटल यावर फार वेळ घालवू नका. चारशे प्रती छापा, तीन महिन्यांनी तोच अंक संकेतस्थळावर मोकळा करा, वर्गणीसाठी मलपृष्ठावर क्यूआर कोड द्या. पुरे.

आता माझं शेवटचं म्हणणं, ज्यावर तुमच्यात कदाचित वाद होईल. संपादक म्हणून नाव त्या तरुण कवयित्रीचं द्या, एकटीचं. संपादक मंडळ ठेवलं की प्रत्येकाच्या ओळखीचं एकेक छापून येतं आणि साभार परत पत्रावर सही कोणीच करत नाही. शिक्षकांनी हिशोब, नोंदणी आणि वर्गणीदारांची वही सांभाळावी, चित्रकाराने अंकाचं रूप. काय घ्यायचं आणि काय परत करायचं हे तिने ठरवावं, आणि तिचा निर्णय पटला नाही तरी बाकी दोघांनी बाहेर तिच्यामागे उभं राहावं. पहिल्या दोन वर्षांत गावातली वजनदार माणसं तिला भेटायला येतील, बगलेत कवितासंग्रहाचं बाड घेऊन. त्या दिवशी शिक्षकांनी ओसरीवर बसलेलं बरं.

पुढच्या रविवारी तिघांनी मिळून जुन्या संपादकांच्या घरी जा. नाव, शीर्षक, परवानगी हे विषय त्या दिवशी काढू नका. त्यांच्याकडे येणारं टपाल शेवटी कुठे ठेवलं जायचं, एवढंच घरच्यांना विचारा. सापडलं तर तिथेच बसून एक पाकीट उघडा, पूर्ण वाचा आणि घरी परतण्याआधी त्याचं उत्तर लिहा.